दुसऱ्याच्या हातचा पेला

माझ्याइतकं प्रभुभोजन सोलापूर जिल्ह्यात दुसऱ्या कुणी प्यायलं असेल असं मला वाटत नाही. ही बढाई नव्हे, ती माझी नोकरी होती.

एका मासिकाकडून "तुमच्या कामाबद्दल लिहा" असा निरोप आला तेव्हा बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "काम कसलं? रविवारी जीप चालवायची आणि मनुक्याचं पाणी प्यायचं." माझ्या आयुष्याचं इतकं नेमकं वर्णन मला स्वतःला जमलं नसतं. तेव्हा तिचंच वाक्य उसनं घेऊन पुढं जातो.

मी मंडळीचा ड्रायव्हर. मंडळी म्हणजे बायको नव्हे. ख्रिस्ती लोक आपल्या चर्चच्या समुदायाला मंडळी म्हणतात. पण हुकूम दोन्हीकडून सारखेच येत असल्यामुळे फरक करण्यात अर्थ नसायचा. सोलापूरची मोठी मंडळी, आणि तिच्या पदराला बांधलेल्या खेड्यापाड्यांतल्या छोट्या छोट्या मंडळ्या. तिथं कायमचा पाळक ठेवणं परवडत नाही, म्हणून शहरातल्या पाळकसाहेबांनी जीपमधून फिरायचं आणि जीप मी चालवायची. पाळक म्हणजे आमचे धर्मगुरू. मेंढरं पाळणारा या अर्थानं तो शब्द आला, आणि खेड्यांत रस्त्यावर खरी मेंढरं आडवी आली की साहेब जीपमधून उतरून ती हाकायचे. तेवढ्यापुरतं नाव आणि काम जुळायचं.

ज्यांना आमच्यातलं ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. महिन्यातून एकदा उपासनेत आम्ही भाकरीचा तुकडा खातो आणि द्राक्षरसाचा घोट घेतो. आमच्या तारणासाठी, म्हणजे उद्धारासाठी, मरण्याआधी येशूनं शिष्यांना शेवटचं जेवण दिलं, त्याची ती आठवण. त्याला प्रभुभोजन म्हणतात. आता आमच्याकडं बारा महिने ताजी द्राक्षं कुठून आणायची? म्हणून मनुका. शनिवारी दुपारी काळ्या मनुका धुवून भिजत घालायच्या, संध्याकाळी त्याच पाण्यात मंद आचेवर उकळायच्या, हातानं कुस्करायच्या आणि धुतलेल्या मलमलीतून पिळून घ्यायच्या. साखर घालायची नाही. रस अंगठ्याएवढ्या काचेच्या पेल्यांत भरायचा आणि ते पेले ॲल्युमिनियमच्या भोकाभोकांच्या ट्रेमध्ये बसवायचे. एका ट्रेत चाळीस पेले. हे सगळं माझ्याकडं होतं. बाजारातला किराणावाला दर महिन्याला मनुका बांधताना विचारायचा, "घरात कुणाला रक्त कमी हाय का?" सुरुवातीला मी त्याला प्रभुभोजन समजावून सांगायला गेलो. मागं गिऱ्हाईकांची रांग लागली. पुढच्या महिन्यापासून मी "व्हय, बायकोला" असं सांगू लागलो. ही गोष्ट बायकोला पुढं कळली, त्याचं वर्णन या अंकात बसणार नाही.

एकदा मोहोळच्या अलीकडं पोलिसानं जीप अडवली. मागच्या सीटवर लालसर काळ्या रसाची बाटली पदरात घेतल्यासारखी टॉवेलात गुंडाळलेली. त्यानं बूच काढून वास घेतला.

"काय हाय ह्यात?"

"प्रभूचं आहे, साहेब."

"ते कळलं. पण प्रभू काय पितोय?"

पाळकसाहेब गळ्यापर्यंत बटणं लावून शेजारीच बसले होते, ते काचेतून रस्ता बघू लागले. शेवटी पोलिसानं मला एक घोट प्यायला लावला, माझ्याकडं थोडा वेळ निरखून बघितलं, मी काही डुललो नाही म्हणून निराश झाला आणि जा म्हणाला.

पिण्याचा नियम असा, की उपासनेत जे उरेल ते जमिनीवर ओतायचं नाही आणि परत बाटलीतही घालायचं नाही. कुणीतरी पिऊन संपवायचं. पाळकसाहेबांना मधुमेह. म्हणजे कुणीतरी म्हणजे मीच. शहरात उपासना चालू असताना मी फाटकापाशी लोकांच्या गाड्या लावत असायचो, आणि सगळे घरी गेले की मागच्या खोलीत उभ्या उभ्या उरलेले पेले रिकामे करायचो. खेड्यांतही तेच. साहेब आत, मी दारात. नंतर उरलेलं माझं. त्यामुळं प्रभुभोजनाचा सगळ्यात मोठा गिऱ्हाईक मी, असं मी सगळ्यांना हसून सांगायचो.

पण एवढं उरायचं कुठं, तर ते अक्काच्या गावात.

अक्कलकोट रस्त्यानं वळसंग मागं टाकलं की एक वाट आत वळते. दोन्ही बाजूंना ज्वारी, वर पांढरं आभाळ, आणि दुपारी त्या वाटेवर ऊन असं तरंगायचं की पुढं पाणी भरलंय असं वाटायचं. जीप जवळ गेली की ते पाणी आणखी पुढं सरायचं. मी इतकी वर्षं त्या पाण्याच्या मागं जीप चालवली. वाटेच्या शेवटी निंब, निंबाखाली एका खोलीचं पत्र्याचं देऊळ (आमच्यात चर्चला देऊळच म्हणतात), आणि दारात कमरेला किल्ली लावून सगुणाअक्का.

एके काळी तिथं चांगली मंडळी होती. मग कुणी पोटासाठी पुण्याला गेलं, कुणी सोलापुरात, कुणी मेलं, कुणी नुसतंच यायचं थांबलं. उरले दोघं. सगुणाअक्का, आणि तात्या म्हणून एक म्हातारे होते, त्यांना ऐकू येत नसे. अक्का देऊळ झाडायची, घंटा बडवायची, प्रभुभोजनाची भाकरी स्वतः भाजायची. आमच्याकडची कडक भाकरी. साहेबांनी मोडली की त्या शांततेत असा आवाज व्हायचा की निंबावरची पाखरं उडायची. आणि रसाच्या बाबतीत तिचा दंडक एकच, ट्रे भरलेला पाहिजे.

"अक्का, माणसं दोन," मी पहिल्यांदा म्हणालो होतो. "चार पेले भरतो की."

"भोकं मोकळी दिसली तर मंडळी बुडाली म्हणतील."

"कोण म्हणतील? बघायला आहे कोण?"

"डायवर, तू गाडी चालीव."

त्यानंतर मी ट्रे भरत गेलो, आणि दर महिन्याला निंबाखाली उभा राहून बुडालेल्या मंडळीच्या नावानं पीत गेलो. परतीच्या वाटेवर साहेब म्हणायचे, "पोट ठीक आहे ना?" मी म्हणायचो, "साहेब, तारण गळ्यापर्यंत आलंय."

अक्काची आवडती गोष्ट बायबलातल्या एलीया संदेष्ट्याची होती. सगळ्या लोकांनी देवाला सोडलं, आणि एलीया रानात जाऊन देवाला म्हणाला, मी एकटाच उरलो. अक्का एवढं ऐकून मान डोलवायची, डोळे पुसायची. पण गोष्ट तिथं संपत नाही. देव त्याला सांगतो की अरे, माझे आणखी सात हजार आहेत, तुला माहीत नसलेले. आणि पुढं येशूचा प्रेषित पौल यानं लिहिलंय, की हे जे थोडके उरलेले असतात ते आपल्या बळावर उरलेले नसतात, देवानं कृपेनं राखलेले असतात. आणि कृपा असेल तर कमाईचा हिशेब संपला. साहेब हे वाचायला लागले की अक्काचा चेहरा बदलायचा.

"सात हजार?" ती म्हणायची. "वळसंगच्या बाजारात मला तर एक बी दिसला न्हाय." आणि साहेब पुस्तक मिटायचे.

दारात बसून मला डुलकी लागायची. आत साहेबांचा आवाज, बाहेर होल्याचं घुमणं, आणि अर्धवट मिटल्या डोळ्यांपुढं ज्वारीचं रान. कधी कधी वाटायचं, ती कणसं नाहीतच, माणसं उभी आहेत. माना खाली घातलेली, गप्प, वाऱ्यानं जरा हललेली. सात हजार सहज मावतील एवढं रान होतं ते. मग एखादी शेळी जीपच्या टपावर चढायची आणि मी जागा व्हायचो.

त्या गावाची आणखी एक रीत होती, मी दुसरीकडं कुठंच पाहिली नाही. तिथं आपला पेला आपण उचलायचा नाही. शेजारच्यानं द्यायचा. जुन्या कुणा वडिलांनी, म्हणजे मंडळीच्या कारभाऱ्यानं, ती घालून दिली होती, की जे फुकट मिळालं ते स्वतःच्या हातानं घेतल्यासारखं करू नये. साहेब तात्यांना देणार, तात्या अक्काला, आणि सगळ्यांचं झालं की अक्का साहेबांना. तीन माणसांचं कोंडाळं. तात्यांचे हात थरथरायचे आणि अक्का दर वेळी म्हणायची, "सांडतंय, सांडतंय." तात्यांना ते ऐकू जायचं नाही, त्यामुळं त्यांच्यात कधी भांडण झालं नाही.

मग तो रविवार आला. ऊन नेहमीसारखंच होतं. आम्ही पोचलो तेव्हा अक्का दारात होती, पण दार उघडलेलं नव्हतं. निंबाच्या पारावर एक म्हातारी बसली होती. धुतलेलं लुगडं, शेजारी कापडाची पिशवी.

"सलाम, साहेब," ती उठून म्हणाली.

"सलाम. आपण?"

"माझी जाऊ," अक्का तिच्याकडं न बघता म्हणाली. "विमल. भिंतीच्या अल्याड आमचं घर, पल्याड तिचं. देवळात पाय ठेवून हिला किती वर्सं झाली ते हिलाच इचारा."

विमलबाईचा मुलगा तिला दुसऱ्या दिवशी पुण्याला नेणार होता, कायमचं. घराला कुलूप लागणार होतं. त्याआधी, ज्या देवळात तिचं लग्न लागलं तिथं तिला एकदा प्रभुभोजन घ्यायचं होतं. एवढंच मागणं. पण किल्ली अक्काच्या कमरेला.

साहेब तरुण, चांगले, आणि नियमाला घाबरणारे. ते हळूच म्हणाले, "बाई, तसा नियम असा आहे, की ज्यांनी मंडळी सोडली त्यांनी आधी वडीलमंडळींपुढं..."

"साहेब, मी सोडली न्हाय," विमलबाई म्हणाली. "माझं लेकरू तापात गेलं तवा अक्का मला म्हणाल्या, तुजा विश्वास कमी पडला. मी घरी जाऊन इचार केला. खरंच कमी पडला हुता. मग कसल्या तोंडानं आत यायचं? पुरेसा झाला की जाऊ, म्हणलं."

निंबाची पिकलेली पानं गळत होती. अक्काच्या हाताची मूठ किल्लीवर होती.

"मग आता झाला व्हय पुरेसा?" ती म्हणाली.

"न्हाय अक्का. तेवढाच हाय."

"मग आज का आलीस?"

विमलबाईनं जरा विचार केला. "भूक लागली," ती म्हणाली.

मी ट्रे दोन्ही हातांत धरून उभा. रस उन्हानं कोमट होत चाललेला, माश्या जमलेल्या, आणि पेल्यांतून निंबाची सावली हलत होती. साहेब माझ्याकडं बघत होते, जणू पवित्र शास्त्र मी शिकलोय. मी आपलं जीपकडं बघितलं.

"ह्या देवळाचा केर मी काढला," अक्का म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, म्हणून जास्त लागत होता. "पत्रा उडाला तवा मी धरला. सगळी गेली, मी ऱ्हायले. आन् ही जायच्या आदल्या दिवशी येऊन माझ्याएवढाच पेला पिणार?"

"पेले सगळे सारखेच आहेत, अक्का," साहेब म्हणाले. मला वाटतं ते त्यांच्या तोंडून चुकून निघालं. पण निघाल्यावर त्यांनी ते मागं घेतलं नाही. उलट पुढं म्हणाले, "नियमाचं मी शहरात बघून घेईन. दार उघडा."

अक्कानं किल्ली काढली, कुलूप उघडलं आणि बाजूला झाली. "ती आत, तर मी भाईर."

इतका वेळ तात्या काठी टेकून उभे होते. काय चाललंय ते त्यांना अर्थातच कळलं नव्हतं. दार उघडलेलं दिसलं तसे ते आत गेले, सतरंजीवर बसले, आणि उपासना सुरू झाली असं समजून मोठ्यानं भजन म्हणू लागले. मागचा पुढचा क्रम सोडून, भलत्याच सुरात. विमलबाई हसली. मग तिनं चपला काढल्या आणि आत जाऊन तात्यांच्या शेजारी, अक्काच्या जागेवर बसली. तिला ते माहीत नव्हतं.

अक्का उंबऱ्यात माझ्या शेजारी येऊन बसली. पाठ आत, तोंड रानाकडं. मी जरा सरकलो.

"डायवर," ती म्हणाली, "तुला तरी पटतंय का हे?"

"अक्का, मी सगळ्यांचं उरलेलं पिणारा माणूस. मला कोण विचारतंय?"

आत भाकरी मोडल्याचा आवाज झाला आणि निंबावरची पाखरं उडाली. आणि मग ट्रे निघाला. साहेबांनी पेला तात्यांना दिला. तात्यांनी थरथरत विमलबाईला दिला. विमलबाई तो प्याली, तिनं डोळे मिटले. रीत तिच्या अंगात इतक्या वर्षांनीही शिल्लक होती. तिनं ट्रेमधला एक पेला उचलला, आणि आता शेजारच्याला द्यायचा. शेजारी साहेब होते, पण त्यांचा पेला सगळ्यांचं झाल्यावर, आणि सगळ्यांत अक्का राहिली होती.

तिनं इकडंतिकडं बघितलं. मग उठली. गुडघ्यावर हात टेकत, एका हातात पेला धरून दारापर्यंत आली आणि अक्काच्या मागं उभी राहिली.

अक्का रानाकडं बघत होती. तिला द्यायची सवय होती. केर काढून द्यायची, भाकरी भाजून द्यायची, साहेबांना पेला द्यायची. आणि ही विमल, जिच्यापाशी द्यायला काहीही नव्हतं, ती पेला घेऊन उभी. नको म्हणावं तर वडिलांची रीत मोडते. स्वतः उचलावा तरी मोडते. अख्ख्या देवळात तिच्यापर्यंत पेला पोचवायला दुसरा हात नव्हता.

"अक्का," विमलबाई म्हणाली, "घ्या की."

अक्का वळली. आधी तिनं पेल्याकडं बघितलं, मग हाताकडं. हात थरथरत होता, रस काठावर आला होता.

"सांडशील," अक्का म्हणाली. तिनं विमलबाईचं मनगट धरलं, पेला सरळ होईपर्यंत धरून ठेवलं, आणि तिच्याच हातातून प्याली.

मग आत गेली. "सरक," विमलबाईला म्हणाली, "ती माजी जागा हाय."

दुसऱ्या दिवशी विमलबाई पुण्याला गेली. त्या पिशवीत काय होतं असं पुढं मी अक्काला विचारलं. ज्वारीचं पीठ, ती म्हणाली. पुण्यात भाकरीचं काय खरं न्हाय.

पुढच्या महिन्यात गेलो तर तात्याही नव्हते. मुलगी त्यांना मोहोळला घेऊन गेली होती. सतरंजीवर अक्का एकटी. साहेबांनी एलीयाची गोष्ट काढली, आणि पहिल्यांदाच अक्कानं त्यांना सात हजारांच्या पुढं जाऊ दिलं. मी उंबऱ्यात होतो. ऊन तरंगत होतं, ज्वारी काढून झाली होती आणि मोकळ्या रानात कुणीच उभं नव्हतं, तरी भरल्यासारखं वाटत होतं. मला डुलकी लागली असावी, कारण हाक दोनदा ऐकू आली.

"डायवर. ये डायवर."

"काय अक्का? शेळी चढली का?"

"आत ये. हितं बस."

"मी? मी नंतर पितो की. मागाहून, नेहमीचं."

"ते उरलेलं पितोस तू. साहेब मला देणार. मी परत साहेबांनाच देऊ व्हय? दोघांचं कोंडाळं हुत न्हाय. तात्याची जागा मोकळी हाय."

साहेबांनी मान हलवली. मी चपला काढल्या. पायमोज्याला भोक होतं, अंगठा बाहेर आलेला. तो झाकण्यासाठी मांडी घालायला जो वेळ लागला तेवढ्यात भाकरी मोडून झाली. साहेबांनी अक्काला पेला दिला. ती प्याली. मग तिनं एक उचलला आणि माझ्यापुढं धरला.

आजवर मी जेवढा रस प्यायलो तो माझ्याच हातानं केलेला, माझ्याच हातानं भरलेला, माझ्याच हातानं उचललेला. मनुका किती भिजल्या, किती उकळल्या, सगळं मला ठाऊक. तो पेलाही त्यातलाच होता. पण कुणी माझ्यापुढं असा कधी धरला नव्हता, आणि हात पुढं करायचा तर तो नेमका कसा करायचा हेच मला आठवेना.

"सांडू नगंस," अक्का म्हणाली.

ती जीप मंडळीनं पुढं विकली. आता साहेब स्वतःची गाडी चालवतात आणि रस बाटलीबंद मिळतो. अक्का आहे. किल्लीही आहे. कधीतरी सुट्टीच्या दिवशी मी बसनं वळसंगपर्यंत जातो आणि पुढं चालत. वाटेवरचं ते पाणी अजून तसंच पुढं पुढं सरतं.

अक्कानं मला आत बोलावलं त्या रविवारी बाकीचे पेले मी नेहमीसारखे निंबाखाली उभं राहून संपवले. घरी आलो तर बायको शेंगा सोलत बसली होती. माझ्या तोंडाकडं न बघताच म्हणाली, "आज किती प्यायलात?"

"एक," मी म्हटलं.